दुसरा रिकार्डो

रिकार्डो हे नाव काढले की आमच्या विद्यार्थ्यांना खंडाचा सिद्धांत आठवतो आणि त्यापाठोपाठ परीक्षेतला दहा गुणांचा प्रश्न. सुपीक जमीन, कमी सुपीक जमीन, सीमांत जमीन, फळ्यावरच्या त्या उतरत्या पायऱ्या. डेव्हिड रिकार्डोविषयी वर्गात बोलण्यात माझी नोकरी गेली. परंतु आज लिहावयाचे आहे ते त्याच्याविषयी नव्हे. त्याच्याच घराण्यात, त्याच्या एका भावाच्या वंशात, पुढे आणखी एक रिकार्डो होऊन गेला. हॅरी राल्फ रिकार्डो हे त्याचे नाव. अर्थशास्त्राच्या एकाही पुस्तकात तो सापडत नाही. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत मात्र तो पानोपानी भेटतो. आपल्या गावातला कोणताही मोटार-मेकॅनिक इंजिनाचे हेड उतरवतो तेव्हा बहुधा त्याच्याच एखाद्या कल्पनेवरून बोट फिरवत असतो.

कला शाखेच्या माणसाला इंजिनाशी काय करायचे, असे कोणी विचारील. म्हणून आधी थोडे घरचे सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे गॅरेज चालवीत. पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. १९८१ साली मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि त्या वयात येते ते सर्व शहाणपण मला आले होते. पाटणकडच्या एका बागायतदारांची जुनी विलीज जीप आमच्याकडे दुरुस्तीला येई. घाटात गाडी ओढत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. दादा दोन दिवस सुटे भाग आणायला पुण्याला गेले होते. मी एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात वाचले होते, की इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवले म्हणजे ताकद वाढते आणि हेड घासले म्हणजे कॉम्प्रेशन वाढते. मी हेड उतरवले, लेथवाल्याकडे नेले आणि चांगले एक सूत घासून आणले. साडेसहाच्या आसपासचे कॉम्प्रेशन साडेसातावर गेले असावे, हा हिशेब मी पुढे कित्येक वर्षांनी केला. त्या वेळी हिशेब केला नव्हता, उत्साह होता.

गाडी खरोखरच ओढू लागली. बागायतदार खूश झाले. चौथ्या दिवशी चिपळूणहून माल भरून कुंभार्ली घाट चढताना, डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज इंजिनातून येऊ लागला. ड्रायव्हरने तो मनावर घेतला नाही. अर्ध्या घाटात तिसऱ्या नंबरच्या पिस्टनचे डोके फुटले. गाडी दोरीने ओढून आणली. पिस्टन, रिंगा, नवी स्लीव्ह, दुसरे हेड, सगळा खर्च दादांनी आपल्या अंगावर घेतला. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली आणि बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशालाही हात लागला.

दादा मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते घासलेले हेड उलटे करून बाकावर ठेवले आणि त्याच्या पोटातून बोट फिरवले. व्हॉल्व्हच्या वर खोलगट जागा, पिस्टनच्या वर मात्र बरीचशी सपाटी. ही जागा इथे खोल आणि इथे सपाट का केली असेल, असे त्यांनी मला विचारले. मला सांगता येईना. दादांनाही ते माहीत नव्हते. परंतु ज्याने केले त्याने उगीच केले नसेल, एवढे त्यांना माहीत होते, आणि मला तेवढेही नव्हते.

पुढे बारा-चौदा वर्षांनी, डेव्हिड रिकार्डोवर काही टिपणे काढण्यासाठी मी एका मोठ्या ग्रंथालयात गेलो असता, तिथल्या ग्रंथपालांनी रिकार्डो एवढेच नाव पाहून एक भलतेच पुस्तक माझ्या हाती ठेवले. हॅरी रिकार्डोचे १९६८ साली निघालेले आत्मचरित्र होते ते. परत करण्याआधी सहज चाळले आणि त्या दिवशीची टिपणे राहून गेली. दादांच्या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाने माझ्या जन्माच्या किती तरी आधी देऊन ठेवले होते.

हॅरीचा जन्म लंडनमध्ये २६ जानेवारी १८८५ रोजी झाला. वडील हॅल्सी रिकार्डो हे नामांकित वास्तुशिल्पी. आपल्या देशाशी त्यांचा संबंध असा, की १९०५ च्या सुमारास उभी राहिलेली हावडा स्टेशनची इमारत त्यांनी रेखाटलेली आहे. कलकत्त्याला उतरणारे आपण सगळेच त्या घराच्या उंबरठ्यावरून जातो म्हणा ना! आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे मोठे स्थापत्य अभियंते. हिंदुस्थानातील रेल्वेचे सल्लागार म्हणून त्यांनी आयुष्य घालवले. सिंधू नदीवरचा सक्करचा लॅन्सडाऊन पूल त्यांच्याच आराखड्याचा. एका बाजूला कला आणि दुसऱ्या बाजूला लोखंड अशा घरात हॅरी वाढला. लोखंडाची बाजू जड ठरली. दहा वर्षांचा असल्यापासून तो लेथवर काम करी आणि लहानलहान इंजिने बनवी. १८९८ मध्ये आजोबांनी मोटारगाडी विकत घेतली, तेव्हा इंग्लंडात मोटार पाहिलेली माणसे थोडीच होती. त्या थोड्यांत हा तेरा वर्षांचा मुलगा होता.

रग्बीच्या शाळेतून तो १९०३ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी तिथल्या मोटार क्लबने एक शर्यत ठेवली. शर्यत वेगाची नव्हती. एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहून थोडे कमी पेट्रोल प्रत्येकाला मिळायचे आणि त्यात जो सर्वांत लांब जाईल तो जिंकला. हॅरीने स्वतः बनवलेल्या मोटारसायकलीचा सिलिंडर सर्वांत मोठा होता आणि गाडीही सर्वांत जड. तरी ती चाळीस मैल गेली आणि पहिली आली. आजच्या हिशेबाने लिटरला छप्पन किलोमीटर! एकशेवीस वर्षांनंतर आपल्याकडच्या मोटारसायकलींच्या जाहिराती काय सांगतात ते पडताळून पाहावे.

या विजयामुळे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. विद्यार्थ्याच्या आयुष्यात असा एखादा शिक्षक यावा लागतो. पूल आणि धरणे सोडून तू इंजिनात लक्ष घाल, असे त्यांनी त्याच्या मनावर बिंबवले आणि आपल्या प्रयोगांत त्याला ओढले. आजोबांच्या पेढीत नोकरी ठरलेली होती. ती त्याने काही वर्षे केलीही. मधल्या काळात एका चुलत भावाबरोबर डॉल्फिन नावाची गाडी काढण्याचा उद्योग झाला आणि तो बुडाला. १९११ मध्ये लग्न झाले. पत्नी बिअ‍ॅट्रिस ही स्लेड कलाशाळेची विद्यार्थिनी. पुढे तीन मुली झाल्या. या घरगुती भागाचा विस्तार मी करीत नाही, कारण त्याच्या डोक्यात त्या वर्षांत एक वेगळाच किडा वळवळत होता.

तो किडा म्हणजे माझ्या जीपमधला तो डब्यातल्या खड्यांचा आवाज.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये, मीही आपल्यापैकीच आहे. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात जेवढी जागा असते आणि तो वर गेल्यावर जेवढी उरते, त्यांचे प्रमाण म्हणजे संपीडन-गुणोत्तर, गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशन. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जितके अधिक दाबून मग पेटवावे, तितका त्यातील उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. कागदावरच्या आदर्श इंजिनाचा हिशेब केला तर चार पट दाबले असता शंभरातील त्रेचाळीस भाग कामी येतात, आठ पट दाबले असता छप्पन्न. प्रत्यक्षात याहून पुष्कळ कमी मिळते, पण कल तोच. तेवढ्याच पेट्रोलात अधिक काम, फुकटात! अर्थशास्त्राचा माणूस इथे साहजिकच सावध होतो. फुकट काही मिळत नसते.

त्या काळची इंजिने चार पटींच्या आसपास दाबत. त्यापुढे गेले की खडखडाट सुरू होई. पुष्कळांची समजूत अशी होती, की आतला एखादा तापून लाल झालेला भाग मिश्रणाला ठिणगीच्या आधीच पेटवतो. हॉपकिन्सन आणि रिकार्डो यांना ते पटेना, कारण हा आवाज ठिणगी पडल्यानंतर येत होता. रिकार्डोने लावलेला उलगडा असा : ठिणगीजवळ पेटलेली ज्योत पुढे सरकत जाते आणि पुढ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला दाबत, तापवत नेते. टोकाला उरलेला शेवटचा घास इतका तापतो, की ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता तो सगळाच्या सगळा एकदम पेट घेतो. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती हातोडा मारल्यासारख्या वाजतात. असे फार वेळ चालले तर पिस्टनचे डोके फुटते. तिसऱ्या नंबरचे, कुंभार्ली घाटात.

असे असेल तर दोन मार्ग उरतात. पेट्रोल असे घ्यावे, की जे सहजासहजी स्वतःहून पेटणार नाही. किंवा इंजिन असे घडवावे, की शेवटच्या घासाला तापायला वेळच मिळू नये. रिकार्डोने दोन्ही मार्ग चोखाळले. मला त्याचा दुसरा मार्ग अधिक मोठा वाटतो. त्याचे कारण पुढे येईल.

मध्ये पहिले महायुद्ध आले. इंग्रजांनी १९१६ मध्ये रणगाडा हे नवे वाहन आणले, पण त्याचे इंजिन पाठीशी बांधलेल्या चुलीसारखे धूर सोडी. लपून बसलेला रणगाडा सुरू केला, की निळ्या धुराचा लोट उठून शत्रूला पत्ता कळे. रिकार्डोचा संबंध आधी आला होता तो रणगाडे रेल्वेच्या वाघिणींवर चढवण्याच्या कामापुरता. तिथून त्याला या धुराविषयी विचारणा झाली आणि अखेर नवे इंजिनच बनवण्याचे काम त्याच्यावर आले. अटी विलक्षण होत्या. ताकद दीडशे अश्वशक्ती हवी. अ‍ॅल्युमिनियम मिळणार नाही, भारी पोलाद मिळणार नाही, कारण ते विमानांसाठी राखून ठेवलेले. चांगले पेट्रोलही विमानांनाच, रणगाड्यांच्या वाट्याला उरलेसुरले, अगदी हलक्या प्रतीचे. आजच्या मापाने त्याचा ऑक्टेन-अंक पंचेचाळीसच्या घरात जातो. असल्या तेलावर त्याने न ठोकणारे, न धुरावणारे इंजिन करून दाखवले. पिस्टनची रचना त्याने अशी बदलली, की खालचे वंगण वर सिलिंडरात चढू नये. ही इंजिने हजारोंनी तयार झाली. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमिएँच्या लढाईत जे तीनशेहून अधिक अवजड रणगाडे उतरले, त्यांतले मार्क पाच त्याच्या इंजिनावर चालत होते. त्याच महिन्यात हॉपकिन्सन स्वतः विमान चालवीत असता अपघातात गेले. त्या विजयाच्या उन्हाळ्यात रिकार्डोने आपला गुरू गमावला.

रणगाड्याच्या इंजिनांबद्दल जे पैसे मिळाले, त्यातून त्याने १९१९ मध्ये ससेक्सच्या किनाऱ्यावर शोरॅम येथे प्रयोगशाळा उभी केली. गाड्या विकण्याचा कारखाना त्याने काढला नाही. डॉल्फिनच्या वेळी हात पोळले होते हे एक, आणि प्रश्न सोडवण्यात त्याला जी गोडी होती ती विकण्यात नव्हती, हे दुसरे.

या प्रयोगशाळेतले एक इंजिन मला फार आवडते. ई-३५ हे त्याचे रुक्ष नाव. एकच सिलिंडर, पण चालू असतानाच तो सबंध सिलिंडर हेडसह वर-खाली करता येई, त्यामुळे कॉम्प्रेशन पावणेचारापासून आठापर्यंत हवे तसे फिरवता येई. स्वयंपाकघरात आपण मीठ चाखून पाहतो, तसे रिकार्डो, हेन्री टिझार्ड आणि डेव्हिड पाय हे तिघे निरनिराळी तेले या इंजिनात घालून चाखू लागले. एक-एक तेल घ्यावे, ठोके ऐकू येईपर्यंत कॉम्प्रेशन वाढवत न्यावे आणि तो आकडा टिपून ठेवावा. जास्तीत जास्त उपयुक्त संपीडन-गुणोत्तर असे त्यांनी त्या आकड्याला नाव दिले. टोल्युइन सर्वांत सोशिक निघाले, म्हणून इतर तेले त्याच्याशी ताडून पाहण्याची पद्धत त्यांनी बसवली. पेट्रोल-पंपावर आज आपण ९१ किंवा ९५ असे जे ऑक्टेन-अंक वाचतो, ते माप अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरले. तिथेही मोजणी झाली ती कॉम्प्रेशन बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनावरच.

या खर्चाला शेलसमूहातील रॉबर्ट वेली कोहेन यांचे पाठबळ होते, आणि त्यामागे बोर्निओची एक हकिकत आहे. त्या वेळी पेट्रोलची प्रत ठरे ती वजनावरून. जितके हलके तितके उत्तम. बोर्निओतल्या खनिज तेलातून निघणारे पेट्रोल जड, म्हणून ते नापास होई, आणि नको असलेला माल तिकडे जंगलात जाळून टाकीत. रिकार्डोने त्याचा नमुना इंजिनात घालून पाहिला तो ठोकेच ऐकू येईनात! ज्याला टाकाऊ म्हणत होते ते पेट्रोल आतील सुगंधी जातीच्या संयुगांमुळे इतरांहून अधिक सोशिक होते. चुकीच्या मापाने मोजले की उत्तम वस्तूही जळून जाते. खंडाचा सिद्धांत शिकवताना मला आता हा बोर्निओचा माळ हटकून आठवतो. जमिनीची सुपीकता ठरवताना कोणते पीक घ्यायचे आहे ते आधी विचारले पाहिजे, हे थोरल्या रिकार्डोपेक्षा धाकट्याने मला अधिक नीट शिकवले.

मद्यार्काचीही त्यांनी परीक्षा घेतली. मद्यार्क ठोकत नाही आणि वाफ होताना मिश्रणाला थंडही करतो, हे १९२० च्या दशकात नोंदले गेले आहे. आपल्या साखर कारखान्यांतले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते आणि त्यावरून गावोगाव वाद चालतात. मायलेज कमी होते हे खरे, कारण इथेनॉलमध्ये उष्णताच कमी. परंतु कॉम्प्रेशन वाढवून घेतलेल्या इंजिनात त्यातली काही तूट भरून निघते, ही गोष्ट वादात कोणी काढत नाही.

आता दादांच्या प्रश्नाकडे येतो.

पंपावर मिळणारे पेट्रोल आहे तेच राहणार, सामान्य माणसाची गाडी स्वस्तच असली पाहिजे आणि तरीही कॉम्प्रेशन वाढवायचे, असा तो पेच होता. स्वस्त गाडी म्हणजे साइड-व्हॉल्व्हचे इंजिन. त्यात व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी असतात, त्यामुळे वरची पोकळी पसरट, भाकरीच्या तव्यासारखी. ज्योतीला या टोकाहून त्या टोकाला जायला वेळ लागे आणि तेवढ्यात पलीकडचा घास स्वतःहून पेटे. ज्योत वेगाने कशी न्यावी? डुगल्ड क्लार्क या जुन्या जाणत्याने पूर्वी एक प्रयोग केला होता. आत घेतलेले मिश्रण लगेच न पेटवता पिस्टनचे काही फेरे तसेच होऊ दिले आणि मग ठिणगी टाकली. ज्योत अगदी मंद चालली. याचा अर्थ असा, की आत शिरतानाची घुसळण हाच ज्योतीचा खरा वारा. घुसळण शमली की आगही पेंगते.

रिकार्डोने हे ध्यानात घेऊन हेडचा घाटच बदलला. पोकळी व्हॉल्व्हच्या वर एका बाजूला गोळा केली, म्हणजे ज्योतीचा प्रवास आखूड झाला. पिस्टनच्या बऱ्याच भागावर हेड इतके खाली आणले, की पिस्टन वर येताच मधे केवळ एक फट उरावी. त्या फटीतले मिश्रण पिस्टन चेपून बाहेर फेकतो, पोकळीत भोवरे उठतात आणि ज्योत झपाट्याने पसरते. फटीत जो शेवटचा घास राहतो तो दोन थंड धातूंच्या मधे इतका पातळ पसरलेला असतो, की त्याला तापून उठायला जमतच नाही. खोल आणि सपाट, ते यासाठी! ताक घुसळताना रवी डेऱ्याच्या मधोमध न धरता कडेला धरली म्हणजे काय होते, ते आमच्या आईला माहीत होते. रिकार्डोने तेच लोखंडात ओतले, असे म्हटले तर शास्त्रज्ञ हसतील. हसोत.

त्या हेडमुळे साइड-व्हॉल्व्हची साधी इंजिनेही तेच पेट्रोल पिऊन अधिक कॉम्प्रेशनवर चालू लागली आणि ताकदीत महागड्या इंजिनांच्या जवळ गेली. पुष्कळ कारखानदारांनी परवाने घेतले, काहींनी न घेताच नक्कल केली, कोर्टकचेऱ्याही झाल्या. चाळीसएक वर्षे जगातल्या असंख्य साध्या मोटारी या घाटाच्या हेडवर धावल्या. आमच्या दाराशी आलेली जीप त्याच वंशातली. तिच्या कर्त्यांनी जागा मोजूनमापून कोरली होती आणि पेट्रोल कोणते मिळणार हे आधी विचारले होते. मी एक सूत लोखंड काढले, पण पंपावरचे पेट्रोल तेच होते, ठिणगीची वेळही मी मागे घेतली नव्हती आणि आत साचलेला काजळीचा थर खरवडायचेही विसरलो होतो. शिवाय साइड-व्हॉल्व्हमध्ये पोकळी फार बुटकी केली की मिश्रणाला सिलिंडरात उतरायची वाटच अरुंद होते, म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. हेडखाली दोन पॅकिंगे घालून कॉम्प्रेशन उतरवण्याची युक्ती मेकॅनिकांना ठाऊक असते. दादांना तसले उपाय आवडत नसत.

आता दुसऱ्या वाटेने गेलेल्या माणसाविषयी थोडे. अमेरिकेत थॉमस मिजली याने ९ डिसेंबर १९२१ रोजी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अगदी चिमूटभर घालून पाहिले आणि ठोके थांबले. इंजिनाला हात लावायला नको, हेड कोरायला नको. १९२३ पासून ते पेट्रोल विकले जाऊ लागले. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका कारखान्यात ते संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीला स्वतःलाही शिशाची बाधा झाली होती. तरी विक्री थांबली नाही, कारण उपाय स्वस्त होता आणि विमानांना उच्च प्रतीचे पेट्रोल त्यानेच मिळवून दिले. रिकार्डोच्या प्रयोगशाळेने पुढे ज्या विमान-इंजिनांवर काम केले तीही तसल्याच पेट्रोलवर उडत, हे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल १९९५ पासून महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र आले. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. शंभर वर्षांत दोन कमी. आमच्या गॅरेजात दादा टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढून काढीत आणि संध्याकाळी आम्ही सगळे पेट्रोलनेच हात धूत असू. डब्यावर तसे काही लिहिलेले नव्हते.

पुढचा काळ रिकार्डोला मानसन्मानाचा गेला. पेट्रोल सोडून तो डिझेलकडे वळला. तिथे नुसती हवाच दाबायची असल्यामुळे ठोक्यांची मर्यादा वेगळी. घुसळणीची तीच कल्पना त्याने १९३१ च्या सुमारास कॉमेट या गोल कोठडीत बसवली आणि लंडनच्या बसगाड्यांची डिझेल इंजिने तिच्यावर धावली. १९२९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, १९४४-४५ मध्ये यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष, १९४८ मध्ये सर. १८ मे १९७४ रोजी, पडून हाड मोडल्याचे निमित्त होऊन, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. त्या उन्हाळ्यात आमचे गॅरेज नुकतेच सुरू झाले होते. २०११ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने साध्या पेट्रोलवर चौदा पट कॉम्प्रेशनचे इंजिन काढले. साधने आज कितीतरी पुढची, संगणक ठोका ऐकून क्षणात ठिणगी मागे घेतो. पण त्यांच्यापुढचा पेच तोच होता, पंपावरचे पेट्रोल आहे तेच ठेवून वर जायचे.

ते पुस्तक वाचले त्या दिवाळीत मी घरी गेलो आणि दादांना हे सगळे सांगितले. गॅरेज तोवर बंद झाले होते. ओट्यावर बसून त्यांनी शांतपणे ऐकले. फटीचे आणि भोवऱ्यांचे ऐकताना त्यांची बोटे मांडीवर फिरत होती, खोल, सपाट, खोल. बहिणीच्या लग्नाचा, जीपचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही तो काढवला नाही. मग त्यांनी एकच विचारले, की त्या रणगाड्याचा धूर पुढे खरेच बंद झाला का. मी हो म्हणालो. पिस्टन कसा केला होता, हे त्यांना समजून घ्यायचे होते. मी आत जाऊन पुतण्याची वही आणली आणि पुस्तकात पाहिलेली आकृती आठवेल तशी काढू लागलो. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा दादांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली.

ते घासलेले हेड अजून घरी पडवीत आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आम्ही ते दाराशी लावून ठेवतो.